शनवार तेल्यांचं ताट

स्मरणिकेसाठी आपल्या भागाच्या इतिहासावर काहीतरी लिहा, असं समितीने सांगितलं. किल्ल्यांवर आणि संस्थानांवर पुष्कळ लिहून झालंय. मीही संस्थानापासूनच सुरुवात करतो, पण लिहायचंय ते ताटाबद्दल.

औंध आज सातारा जिल्ह्यात. त्याच संस्थानाची आटपाडी आणि कुंडल ही गावं मात्र आता आपल्या सांगली जिल्ह्यात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या संस्थानाचे कारभारी होते जेकब बापूजी इस्राएल. नावच बघा ना, जेकब आणि बापूजी शेजारी शेजारी! ते बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. यांची आडनावंही किहीमकर, दिवेकर, रोहेकर अशी गावावरून पडलेली.

समाजात कथा सांगतात ती अशी. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. त्यांचे वंशज कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद. गावाने त्यांना नाव दिलं शनवार तेली. मला हे नाव फार आवडतं. तेल हवं असेल तर शुक्रवारीच आणून ठेवायचं, हे गावाने किती सहज मान्य केलं असेल!

त्यांचे खाण्याचे नियम कडक. मासा खवल्यांचा आणि परांचा हवा, म्हणून पापलेट चालतं. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या चालत नाहीत. डुक्कर वर्ज्य. मांस आणि दूध एकत्र नाही. कोकणात ही अडचण नारळाने सोडवली. मटणाच्या रश्श्यात नारळाचं दूध, आणि नव्या वर्षाचा चिकाचा हलवाही गव्हाचा चीक नि नारळाचं दूध घालूनच. सणांची नावं ऐकली तर आपल्याच घरातली वाटतील : खिरीचा सण, बिरड्याचा रोजा. एलियाहू हनाबीच्या नावाने मलिदा करतात, त्यात गोड पोहे, खोबरं आणि फळं.

आता मुख्य गोष्ट. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे खूर दुभंगलेला आणि रवंथ करणारा प्राणी चालतो. म्हणजे गाय-बैल चालतात. तरीही बेने इस्राएलांनी पिढ्यान्‌पिढ्या गोमांस टाळलं, कारण शेजारी हिंदू. काही घरांत तर ते आपल्या धर्मातच निषिद्ध आहे, अशी समजूत झाली होती म्हणे. शेजाऱ्यासाठी पाळलेली गोष्ट इतकी मुरली, की ती कुठून आली हेच विसरलं गेलं.

नीट बघितलं तर इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोळंबी आणि डुक्कर सोडलं ते देवासाठी. त्यात तडजोड नाही. गोमांस सोडलं ते माणसांसाठी. आणि दुसरी गोष्ट केली म्हणून पहिली सैल झाली, असंही नाही. घाणा शनिवारी बंदच राहिला.

नोकरीनिमित्त ही मंडळी घाटावर आली. पलटणीत, रेल्वेत, टपाल खात्यात, संस्थानांत. इथे समुद्र नाही, मासा नाही, आणि धर्माच्या रीतीने जनावर कापणारा जाणकार माणूस प्रत्येक गावात कुठला असणार? अशा ठिकाणी भाकरी, भाजी, डाळ, अंडी हेच सगळ्यात सोपं. शेजाऱ्याच्या ताटापेक्षा त्यांचं ताट काही फार वेगळं दिसत नसणार. औंधला यमाईचं मोठं ठाणं. अशा गावात कारभाऱ्याच्या स्वयंपाकघरात काय शिजतं, याकडे किती डोळे असतील, याची कल्पना करून बघा.

हे सगळं आत्ता आठवायला कारण आपलीच वार्षिक सभा. सुकट भाजण्याच्या वासावरून वाद झाला आणि 'इमारतीत सामिष स्वयंपाक नको' असा ठराव आला. त्या मजल्यावरच्या वहिनींनी चतुर्थी-एकादशीला सुकट न भाजण्याचं त्याच्या आधीच, कुणी न सांगता, सुरू केलं होतं. हे सभेत कुणी बोललं नाही. बेने इस्राएलांवर कोकणातल्या कुठल्या गावाने ठराव केल्याचं माझ्या वाचनात नाही. गावाने त्यांच्यावर शनिवारी घाणा चालवायची सक्तीही केली नाही. ठराव झाला असता, तर बंदी पाळली गेली असती. शेजारधर्म म्हणून पाळण्यासारखं मग काय उरलं असतं?

ठराव इतिवृत्तात 'पुढील सभेपुढे ठेवावा' असा नोंदलेला आहे. तो आला की मी विरोधात हात वर करणार आहे. वहिनींना मात्र त्याआधी एकदा मलिदा करून पाठवायचा विचार आहे.