पावतीच्या मागची बारीक अक्षरं

लाँड्री, शिंपी, रफूवाला, भरतकामवाले... कुणाकडेही कपडा टाका, हातात एक पावती पडते. मागे बारीक अक्षरांत चार नियम असतात आणि त्यातला एक हमखास असा : 'कपड्याचे नुकसान झाल्यास आम्ही जबाबदार नाही.' आपण ती न वाचता पाकिटात कोंबतो. (आम्ही सॉफ्टवेअरवाले तरी कुठे वाचतो म्हणा! 'आय अ‍ॅग्री'वर क्लिक केलं की झालं.)

पण मंडळी, हा वाद फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौथ्या अधिकरणाच्या सुरुवातीलाच धोबी भेटतो. कपडे लाकडी फळीवर नाहीतर गुळगुळीत दगडावरच धुवायचे. भलतीकडे धुऊन खराब केले तर भरपाई, वर ६ पण दंड. गिऱ्हाईकाचा कपडा विकला, भाड्याने दिला किंवा गहाण टाकला तर १२ पण. आणि पुढे एका ओळीत : शिंप्यांनाही हेच लागू!

नारदस्मृतीत तर चक्क घसाऱ्याचं कोष्टक आहे. एकदा धुतलेल्या वस्त्राची किंमत एक अष्टमांशाने कमी धरायची, दोनदा धुतलं तर पावाने, तीनदा तर तिसऱ्या हिश्श्याने, चारदा तर निम्म्याने. मिताक्षरेत विज्ञानेश्वराने हाच हिशोब धोब्याच्या हातून नासलेल्या कपड्याला लावलाय. म्हणजे भरपाई द्यायची, पण जुन्या कपड्याला नव्याची नाही.

तिकडे रोममध्ये उल्पियन नावाचा कायदेपंडित म्हणतो, धोब्याकडचे कपडे उंदरांनी कुरतडले तरी धोबीच जबाबदार. उंदरांपासून राखणं हे त्याचंच काम. त्याचंच दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. कोरायला दिलेलं रत्न फुटलं. दगडातच दोष असेल तर कारागीर सुटला. हात कच्चा असेल तर अडकला. आणि जोखीम त्याने आपणहून अंगावर घेतली असेल तर दोष कुणाचाही असो, भरायचं त्यानेच.

आता हे रत्न बाजूला ठेवून तिथे पैठणी ठेवा. कुणी आईची तीस वर्षांपूर्वीची पैठणी घरगुती भरतकामवालीकडे आणून देतं. रेशीम घड्यांवर विरलेलं. रिंगमध्ये ताणलं, मशीनची सुई मिनिटाला शेकडो टाके घालायला लागली आणि कापड टरकन् फाटलं. मजुरी पाचशे रुपये, मागणी पंचवीस हजारांची! अशा दोन भरपायांत छोटा धंदा बसतो. पण समोरच्या बाईच्या आईची साडी गेली, ती कुठल्याच रकमेत परत येत नाही. खोटं दोघांपैकी कुणीच बोलत नाहीये.

१८७२ चा भारतीय करार कायदा इथे बराच समतोल आहे. कलम १५० म्हणतं, वस्तूतला माहीत असलेला दोष देणाऱ्याने सांगायलाच हवा. कलम १५१ म्हणतं, घेणाऱ्याने ती शहाण्या माणसाने स्वतःची जपावी तशी जपावी. आणि कलम १५२ मध्ये 'विशेष करार नसेल तर' असे शब्द आहेत. पावतीमागची सगळी बारीक अक्षरं याच फटीतून आत शिरली.

पण ती सगळीच टिकत नाहीत. १९६६ च्या निकालसंग्रहात मद्रास उच्च न्यायालयाचा एक निकाल आहे. लाँड्रीने नवी साडी हरवली. पावतीमागे छापलेलं होतं की हरवल्यास किमतीचा फक्त काही हिस्साच मिळेल. न्यायालयाने ही अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवली. बरोबरच आहे, नाहीतर नव्या साड्या 'हरवणं' हाच किफायतशीर धंदा झाला असता! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर 'अन्याय्य करार' अशी वेगळी व्याख्याच आली.

म्हणून छोट्या भरतकामवाल्यांना माझं सांगणं एवढंच : 'आम्ही जबाबदार नाही' हा शिक्का उपयोगाचा नाही. कापड घेताना दोघांनी मिळून उजेडात बघा. विरलेली जागा, डाग, जुनी शिवण पावतीवर लिहा. आतल्या पट्टीवर चार टाके घालून दाखवा. किंमत किती धरायची ते आधीच ठरवा, मग सही घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. कापडातल्या दोषाची जोखीम गिऱ्हाईकाने समजून उमजून घ्यावी, हे रास्तच.

उंदीर मात्र दुकानदाराचे!