रांगोळीचा स्टॅम्प आणि मगरिबची वेळ

२०१७चे तीन महिने मला नेहमी एकत्र आठवतात. २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं, खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. १८ सप्टेंबरला गूगलनं ‘तेझ’ हे पैसे पाठवायचं अॅप आणलं, ज्याचं पुढे ‘गूगल पे’ झालं. ऑक्टोबरमध्ये आमच्या धायरीचा उरलेला भाग पुणे महापालिकेत गेला. इथं चर्चा होती ती पाण्याची, मिळकतकराची. निकालाबद्दल कुणी बोललं नाही. ‘तेझ’बद्दल मात्र सगळे बोलत होते, कारण त्यात पैसे मिळत होते.

अम्मीनं पहिलं स्क्रॅच कार्ड खरवडलं तेव्हा ११ रुपये आले. आठवडाभर ती हे सांगत होती. २०१९च्या दिवाळीत तर पणती, झुमका, फूल, कंदील आणि रांगोळी असे पाच स्टॅम्प जमवले की २५१ रुपये होते. रांगोळी काही केल्या मिळेना. धायरी फाट्यावर चहा पिताना अनोळखी माणसं विचारायची, ‘रांगोळी आहे का?’ मीही विचारलं, खोटं कशाला बोलू!

किराणावाल्याच्या उधारीच्या वहीतही आमचा सगळा रमजान लिहिलेला असायचा. पण ती वही गल्ल्याखाली राहायची, आणि त्याच्या घरचं आम्हालाही ठाऊक असायचं. अॅपला आपण कुणाला, कधी, किती दिले ते कळतं. आपल्याला त्याचं काहीच कळत नाही.

तरी स्क्रॅच कार्डात देवघेव दिसत तरी होती. नोव्हेंबर २०२०मध्ये अमेरिकेतल्या ‘मदरबोर्ड’नं बातमी दिली ती वेगळी होती. ‘मुस्लिम प्रो’ हे नमाजच्या वेळा सांगणारं अॅप, तोवर ९ कोटी ८० लाखांहून जास्त वेळा डाउनलोड झालेलं. ते वापरणाऱ्यांची ठिकाणं ‘एक्स-मोड’ या दलाल कंपनीकडे जात होती, आणि तिच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराचे ठेकेदार होते. बातमीनंतर अॅपनं हा व्यवहार थांबवल्याचं जाहीर केलं. माझं अॅप दुसरं होतं, पण त्या रात्री झोप लागली नाही. कित्येक महिने मशिदी बंद होत्या, अजान मी मोबाईलवरच ऐकत होतो.

ठिकाण मागणं चूक नव्हतं. त्याशिवाय वेळ आणि किब्ला कशी सांगणार? एका कामासाठी दिलेली परवानगी दुसऱ्या कामाला वापरली, दुखणं हे आहे. दुसऱ्याच्या दारात तीनदा सलाम करायचा, उत्तर नाही आलं तर परत फिरायचं, असं आम्हाला लहानपणी शिकवलं. अॅपला नाही म्हटलं, तर ते उद्या पुन्हा दारात उभं.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात हे काहीसं आलंय. संमती ठरावीक कामापुरतीच, ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं, आणि सूचना मराठीतही मागता येईल. मात्र सुरक्षेच्या नावानं सरकार आपल्या यंत्रणांना सूट देऊ शकतं. आमच्यासारख्यांची नजर आधी त्याच कलमावर जाते.

मी आता अॅपचं लोकेशन बंद ठेवलंय. शहर हातानं टाकलंय, पुणे. धायरीची मगरिब आणि कॅम्पातली मगरिब यांत पाव मिनिटाचा फरक पडतो.