वर्धा जिल्ह्यातील शस्त्रपरवाने आणि जुन्या रिव्हॉल्वरच्या किमतीचा प्रश्न

शस्त्राचा परवाना हा कागद इतिहासाच्या अभ्यासकास प्रथमदर्शनी मोठा बोलका वाटतो. परवानाधारकाचे नाव व राहण्याचे ठिकाण, शस्त्राचे वर्णन, त्यावरील क्रमांक, बाळगावयाच्या काडतुसांची संख्या, परवान्याची मुदत, इतका तपशील त्यात असतो. परंतु ते शस्त्र केवढ्यास घेतले, हे सांगणारा रकाना त्यात नाही. सरकारला शस्त्र कोणाच्या हाती आहे एवढेच जाणावयाचे होते. त्याचे मोल काय, याच्याशी त्यास कर्तव्य नव्हते. त्यामुळे घरातील जुने रिव्हॉल्वर विकावयास काढणाऱ्यास रास्त किंमत ठरविण्यासाठी पूर्वीचा आधार सहसा सापडत नाही, आणि आर्थिक इतिहास लिहिणाऱ्यासही नेमकी तीच अडचण येते. ही किंमत कोणत्या गोष्टींनी बनत आली, याचा विचार येथे वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला व १८६६ पासून वर्धा हे त्याचे मुख्य ठिकाण झाले. मध्यप्रांतातील इतर जिल्ह्यांप्रमाणे येथेही मालगुजारीची व्यवस्था होती. कापसाच्या व्यापारावर पोसलेली पेढी आणि गावचा वाडा, या दोन्ही ठिकाणी परवान्याचे शस्त्र संरक्षणासाठी जितके, तितकेच सरकारदरबारच्या विश्वासाची खूण म्हणूनही बाळगले जाई. १८७८ च्या शस्त्रकायद्याने सामान्य हिंदी माणसास परवान्याविना शस्त्र बाळगता येईनासे झाले. युरोपियनांस मात्र नियमांनी सूट दिली. हा वांशिक भेद १९२० च्या नियमांनी दूर झाला, पण परवान्याचे बंधन राहिलेच. या कायद्याची बोच किती खोल होती हे पाहावयाचे असल्यास १९२७ साली मंचरशा आवारी यांनी नागपुरात केलेला शस्त्रसत्याग्रह पाहावा. पुढे १९३६ साली सेवाग्रामी येऊन राहिलेल्या गांधीजींनीही आत्मकथेत या कायद्यावर कठोर टीका केली आहे. अहिंसेच्या पुरस्कर्त्याने ती करावी यात काहींना विसंगती दिसते. प्रस्तुत लेखकास ती दिसत नाही. जी वस्तू बाळगण्याची मोकळीक राज्यकर्ता आपल्या मर्जीने थोड्यांना देतो, तिची किंमत लोखंड आणि कारागिरी यांच्या हिशेबाने ठरत नाही, एवढे मात्र त्यातून उघड होते.

तरीही हिशेबाचा आरंभ कारागिरीपासूनच करावयास हवा. बर्मिंगहॅमच्या वेब्ले कारखान्याचे मधोमध उघडणारे रिव्हॉल्वर हिंदुस्थानात सर्वपरिचित होते. असे जुने शस्त्र पारखताना नळीच्या आतील बाजूस गंजाचे खड्डे आहेत काय, घोडा चढविल्यावर चक्र जागच्या जागी घट्ट बसते की डुलते, वरची कडी झिजून सांधा सैल झाला आहे काय, चक्र व सांगाडा यांवरील क्रमांक जुळतात काय, आणि मुठीवरील व नळीवरील मूळचा रंग टिकला आहे की मागाहून चढविला आहे, हे पाहतात. जुन्या काडतुसांच्या टोपीतील क्षारांमुळे बार उडाल्यावर नळी त्याच दिवशी धुतली नाही तर ती गंजे, आणि विदर्भातील पावसाळ्यात तर फार लवकर. म्हणून वर्षानुवर्षे पेटीत पडून राहिलेले शस्त्र बाहेरून नवेकोरे आणि आतून निकामी, असे पुष्कळदा निघते. न वापरलेले ते उत्तम, हा विक्रेत्याचा समज येथे खरा धरता येत नाही.

त्यानंतर तसेच नवे शस्त्र आणण्यास काय पडेल याचा विचार. समजा, एखाद्या रिव्हॉल्वरची विलायतेतील किंमत ३ पौंड होती. रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्स असताना त्याचे ४५ रुपये होत. १९२७ साली १ शिलिंग ६ पेन्स हा दर कायद्याने कायम झाल्यावर ४० रुपये. वाहतूक, जकात व व्यापाऱ्याचा नफा यांवर चढे. उलट ६ जून १९६६ च्या अवमूल्यनाने पौंडाची किंमत सुमारे १३ रुपये ३३ पैशांवरून २१ रुपयांवर गेली, आणि हिंगणघाट किंवा आर्वीच्या एखाद्या कपाटात पडलेल्या शस्त्राचे मोल त्यास कोणी हात न लावता वाढले. पुढे १९८० नंतरच्या दशकात व्यापारी आयात जवळजवळ थांबली. तेव्हापासून जुन्या विलायती रिव्हॉल्वरची किंमत ही टंचाईची किंमत झाली.

बोअरचा प्रश्न याहून चमत्कारिक आहे. .३८ व .४५५ बोअरची हातशस्त्रे प्रतिबंधित वर्गात मोडतात. त्यांचा परवाना जिल्हाधिकाऱ्याच्या हातचा नाही. लष्करी अधिकाऱ्यासाठी घडविलेले भक्कम शस्त्र त्यामुळे गिऱ्हाईकाविना पडून राहते, आणि .३२ बोअरचे तुलनेने दुबळे शस्त्र अधिक भाव खाते. शस्त्राचे गुण विचारात घेता हे उलटेच होय. पण गिऱ्हाईक मोजणाऱ्यास यात काही नवल नाही.

किमतीचे आकडे कागदावर मिळतात ते बहुधा भलत्याच ठिकाणी. कायदेशीर विक्रीत १८७८ च्या कायद्याप्रमाणे खाजगी विक्रेत्याने खरेदीदाराचे नाव व पत्ता दंडाधिकाऱ्यास अथवा ठाण्यास कळवावा, एवढेच बंधन होते. रक्कम कोणी विचारीत नसे. बेकायदा सौदा मात्र न्यायालयात गेला की त्याची उलटतपासणी होई. १९४८ साली लाल किल्ल्यात चाललेल्या गांधीहत्येच्या खटल्यात पुण्याच्या एका शस्त्रविक्रेत्याच्या साक्षीतून शस्त्रांच्या अदलाबदलीचे व पैशांचे तपशील बाहेर आले, ते असेच. ते आकडे भीती व घाई यांनी चढलेले असल्यामुळे त्यांवरून उघड बाजाराचा दर काढणे धोक्याचे आहे. चोरट्या सौद्याची नोंद तपशीलवार आणि सरळ सौद्याची मुकी, ही आपल्या साधनांची स्थिती अभ्यासकाने सतत ध्यानात ठेवावी लागते.

रास्त किमतीचा प्रश्न खरा तीव्र होतो तो परवानाधारकाच्या मृत्यूनंतर. मध्य प्रदेशात १९५१ साली मालगुजारी संपली, १९५६ साली वर्धा जिल्हा मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. १९५९ चा शस्त्रकायदा १९६२ पासून अमलात आला. या सर्व स्थित्यंतरांत परवाना व्यक्तीच्याच नावाचा राहिला. धारक वारला की शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करणे वारसांस भाग पडते. ठरलेल्या मुदतीत ते पात्र माणसास विकून पैसे घेण्याचा हक्क कायदा त्यांस देतो. मुदत उलटल्यास ते सरकारजमा होऊ शकते. खाजगी विक्रीपूर्वी अधिकाऱ्यास लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते. विधवा स्त्री किंवा शहरात नोकरी करणारा मुलगा अशा वेळी गिऱ्हाईक शोधू शकत नाही; ठेवणावळीचा आकडा वाढत असतो, आणि जमा करून घेणारा व्यापारीच पुष्कळदा एकमेव खरेदीदार उरतो. वारसाने टंचाईचा फायदा मागणे लोभीपणाचे आहे, असे काहींचे म्हणणे आहे. आम्हास ते मान्य नाही. तोच फायदा पुढच्या महिन्यात व्यापारी घेणार असेल, तर तो वारसानेच का सोडावा? देशी बनावटीच्या नव्या शस्त्राची किंमत हा वारसाच्या हिशेबाचा खुंटा असावा. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .३२ बोअरचे ‘निर्भीक’ २०१४ साली सुमारे १ लाख २२ हजार रुपयांस होते. विक्रीच्या वर्षी तशा शस्त्राची जी किंमत असेल तीतून झीज वजा करावी. विलायती नावासाठी वर काही मागितल्यास तो हौसेचा भाग आहे हे दोन्ही पक्षांनी जाणावे.

१९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीन शस्त्रांची मर्यादा घातली होती; २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली व अधिकचे शस्त्र वर्षभरात जमा करण्यास सांगितले. विकणारे एकदम वाढले, आणि ज्यांच्यापाशी आधीच दोन शस्त्रे आहेत असे हौशी गिऱ्हाईक बाद झाले. या वर्षांतील सौद्यांचे कागद अद्याप घरोघरी असणार. वर्धा, देवळी, आर्वी, हिंगणघाट या भागांतील कोणापाशी अशा विक्रीची रक्कम लिहिलेली पावती, व्यापाऱ्याचे पत्र किंवा घरच्या वहीतील नोंद असेल, तर नावे झाकून तिची नक्कल विभागाकडे पाठवावी.