चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

शारजातल्या आपल्या बहुतेक घरांत टीव्हीखाली एक खोका असतो: प्लेस्टेशन, एक्सबॉक्स नाहीतर निन्टेंडो. मुलांना त्यातले खेळ दिसतात. माझ्यासारख्या आयटीवाल्याला त्यामागचा व्यापार दिसतो. त्याचा इतिहास गमतीचा आहे आणि आपल्या खिशाशी त्याचा थेट संबंध आहे.

मे १९९५ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात सेगा कंपनीने ‘सॅटर्न’ची किंमत जाहीर केली, ३९९ डॉलर. त्याच दिवशी सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, ‘२९९’ एवढा आकडा सांगितला आणि खाली उतरले. दिऱ्हॅममध्ये मोजले तर सुमारे ३६७चा फरक! सॅटर्न त्यातून सावरलाच नाही.

पुढच्या खेपेला सेगाने धडा घेतला. १९९९ मध्ये ‘ड्रीमकास्ट’ अमेरिकेत १९९ डॉलरला आणला. वर्षभराने आलेला प्लेस्टेशन २ शंभर डॉलरने महाग होता, पण त्यावर डीव्हीडी सिनेमेही दिसत. एका खर्चात दोन कामे, हा हिशेब मध्यमवर्गाला लगेच पटतो. जानेवारी २००१ मध्ये सेगाने कन्सोल बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले.

यंत्र स्वस्त देऊन कंपनी जगते कशी? प्रत्येक खेळामागे तिला वाटा मिळतो. कोंबडी तोट्यात, कमाई मसाल्यात. २००६ मध्ये प्लेस्टेशन ३चे ५९९ डॉलरचे मॉडेल बनवायला सुमारे ८४० डॉलर लागतात, असा अंदाज आयसप्लाय या संस्थेने काढला होता. एक्सबॉक्सच्या विक्रीवर कधीच नफा झाला नाही, असे मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने २०२१ मध्ये न्यायालयात सांगितले. निन्टेंडोने मात्र वेगळी वाट धरली. साध्या तंत्राचा ‘वी’ २००६ मध्ये २४९ डॉलरला आणला आणि त्याचे दहा कोटींहून अधिक नग खपवले.

म्हणूनच नकली डिस्क या कंपन्यांच्या जिव्हारी लागते. चिप बसवलेल्या यंत्रावर फुकटचा मसाला वापरला, तर कोंबडीचा तोटा भरून निघणार कसा?

भारतात तर कोंबडीही महाग होती. एप्रिल २००७ मध्ये तिथे प्लेस्टेशन ३ची किंमत होती ३९,९९० रुपये. अमेरिकेतले ५९९ डॉलर म्हणजे तेव्हाचे साधारण २५ हजार. सुट्टीला निघालेल्या आखाती काका-मामांकडे भाचरांच्या फर्माइशी का येत, ते यावरून कळेल.

पूर्वी थोडे थांबले की यंत्राची किंमत उतरे. आता तो भरवसा राहिलेला नाही. २०२२ मध्ये सोनीने जपान-युरोपात प्लेस्टेशन ५ची किंमत उलट वाढवली. खेळही डिस्कऐवजी डाउनलोडने येऊ लागले. असा खेळ वापरून झाल्यावर विकता येत नाही, शेजारच्या मुलाला देता येत नाही. कंपन्यांतली चुरस आपल्या फायद्याची होती. पण एकदा यंत्र घरात आले, की त्याच्या ऑनलाइन दुकानात दुसरा दुकानदार नसतो. तेव्हा मंडळी, खोक्यावरची किंमत पाहून हरखू नका. पुढच्या तीन वर्षांत किती खेळ घेणार, वर्गणी किती भरणार, हे मुलांनाच कागदावर मांडायला सांगा. व्यवहाराचा एवढा चांगला गृहपाठ शाळेतही मिळणार नाही.