न बोलणारी दोन अक्षरे

इंग्रजीची स्पेलिंगे घोकताना ज्याने एकदा तरी कपाळाला हात लावला नाही, असा मराठी विद्यार्थी शोधूनही सापडायचा नाही. त्यातही 'जी' आणि 'एच' ही जोडगोळी मोठी छळवादी. 'नाइट' म्हणजे रात्र, 'लाइट' म्हणजे उजेड, 'एट' म्हणजे आठ आणि 'डॉटर' म्हणजे मुलगी. या चारही शब्दांच्या पोटात ही दोन अक्षरे ठाण मांडून बसली आहेत. पण तोंडातून अवाक्षर काढतील तर शपथ! 'लाफ' म्हणजे हसणे, तिथे तीच 'फ' होऊन बोलतात. 'गोस्ट' म्हणजे भूत, तिथे 'ग' होतात. घरोघरी वेगळे नाव सांगणाऱ्या पाहुण्यासारखी यांची तऱ्हा.

असा पाहुणा दिसला की त्याचे मूळ गाव विचारल्याशिवाय मला राहवत नाही. म्हणून वाचकहो, या जोडीची कुळकथा तुम्हांला सांगतो.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात ही अक्षरे मुकी नव्हती. तेव्हाचा माणूस रात्रीला 'निख्ट' म्हणे आणि मुलीला 'दोख्टर' म्हणे. हा 'ख' आपल्यासारखा स्वच्छ नव्हे. घशात घासून काढलेला. लिहिताना त्यासाठी नुसता 'एच' वापरीत. पुढे 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि दरबारात फ्रेंच वळणाचे लेखनिक आले. त्यांच्या पद्धतीने लिहिता लिहिता या खरखरीत आवाजासाठी 'जी-एच' ही जोडी हळूहळू रूढ झाली. म्हणजे ही अक्षरे आली ती आवाज दाखवण्यासाठीच. चौदाव्या शतकातला कवी चॉसर याच्या काळी तो आवाज ऐकू येत होता. पण पुढच्या दोन-तीनशे वर्षांत इंग्रजांच्या जिभेला तो नकोसा झाला. कुठे तो पार विरून गेला, तर कुठे त्याचा 'फ' झाला. स्कॉटलंडच्या बोलीत तो अजून जिवंत आहे. तिथे रात्रीला 'निख्ट' म्हणणारी माणसे भेटतात. जर्मन माणूस तर रोजच 'नाख्ट' आणि 'टोख्टर' म्हणतो.

आवाज गेला तशी अक्षरेही का गेली नाहीत? कारण मधल्या काळात छापखाना आला. विल्यम कॅक्स्टनने 1476 साली वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. छापील पुस्तके पसरली, तशी शब्दांची जुनी रूपे घट्ट होत गेली. जीभ पुढे गेली आणि खिळे मागे राहिले. कॅक्स्टनच्या आयुष्याची पुष्कळ वर्षे ब्रूज शहरात गेली होती. तिथल्या फ्लेमिश भाषेत भुताच्या शब्दात 'जी'पुढे 'एच' लिहीत. तोच 'एच' त्याच्या छापखान्यातून इंग्रजी भुताच्या मानगुटीवर बसला, तो आजतागायत उतरलेला नाही! 'डिलाइट' म्हणजे आनंद, या शब्दाची तर आणखी गंमत. तो फ्रेंचातून आलेला. त्यात हा आवाज कधीच नव्हता. पण 'लाइट'च्या शेजारी बसून बसून सोळाव्या शतकात त्यानेही ही दोन अक्षरे अंगावर चढवली. दुसऱ्याची पगडी घालून लग्नाला मिरवावे, तसे.

तेव्हा मुकी अक्षरे सगळीच खानदानी नसतात. पण जी खरी आहेत, ती फार दूरची ओळख सांगतात. सर विल्यम जोन्सने 1786 साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका मुळातून निघालेल्या बहिणी असाव्यात, असे प्रतिपादन केले. इंग्रजीही त्याच गोतावळ्यातली. 'डॉटर' शेजारी आपली 'दुहिता' ठेवून पाहा. तिच्यातला 'ह' आणि इंग्रजी लेकीच्या पोटातली ती मुकी अक्षरे एकाच मूळ आवाजाची लेकरे आहेत. दिवसभर उपास करून रात्री एकदाच जेवण्याच्या व्रताला आपण 'नक्त' म्हणतो. त्या 'नक्त'मधला 'क' म्हणजेच 'नाइट'मधले मौन. आणि 'लाइट'चे नाते 'रुच्' या धातूशी. त्याचा मूळ अर्थ प्रकाशणे. मग तो शोभण्याकडे, आवडण्याकडे वळला आणि आपली 'रुची' त्यातून आली. म्हणजे पणतीचा उजेड आणि चकलीची रुची ही एकाच घरातली!

मग ही ब्याद काढून टाकावी की ठेवावी? अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी 1906 साली तीनशे शब्दांची सोपी स्पेलिंगे सरकारी छपाईत लागू करण्याचा हुकूम काढला. वर्तमानपत्रांनी टर उडवली, काँग्रेसने विरोध केला, आणि हुकूम गुंडाळावा लागला. तिकडे जे जमले नाही, ते आपण मात्र करून दाखवले. जुनी पत्रे काढून पाहा. त्यांत 'नांव', 'गांव', 'पांच' असे लिहिलेले आढळेल. तो टिंब म्हणजे 'नाम'मधला, 'ग्राम'मधला 'म', आणि 'पंच'मधला अनुनासिक. उच्चारात तो राहिला नव्हता. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि लाखो मुलांच्या मागचा एक जाच संपला. ते योग्यच झाले, असे मला वाटते. मुलाच्या पाठीवर पूर्वजांचे ओझे किती द्यायचे, याला काही मर्यादा हवी.

पण ओझे उतरवताना गाठोड्यात काय होते, हे तरी त्याला दाखवावे. टिंब गेला, आणि 'गाव'मध्ये 'ग्राम' आहे हे आता कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. इंग्रज मुलाला स्पेलिंग जड जाते. पण त्याच्या 'नाइट'मध्ये हजार वर्षांपूर्वीची रात्र दोन अक्षरांच्या रूपाने जागी आहे. आपण ती खूण पुसली, म्हणून सांगण्याचे काम आपल्यावर आले. या दिवाळीत घरातले एखादे पोर 'एन-आय-जी-एच-टी' घोकताना कंटाळून 'ही अक्षरे बोलतच नाहीत, तर लिहायची कशाला?' असे विचारील, तेव्हा 'पाठ कर मुकाट्याने' म्हणून त्याला गप्प करू नका. त्याला आधी 'नक्त' आणि 'दुहिता' यांची गोष्ट सांगा. आणि मग आजोबांच्या जुन्या पत्रातला 'गांव'वरचा टिंब दाखवा.