शिव्या देणारा प्रेक्षक आणि त्याचा संघ

(सेलू, जि. वर्धा येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक आज फुटबॉलवर बोलणार, हे ऐकून काही जण चुकून आले असतील आणि काही जण चुकून यायचे राहिले असतील. (हशा) आमचा विषय हरणाऱ्या संघाच्या प्रेक्षकाचा आहे. खेळाचा इतिहास जिंकणाऱ्यांच्या बाजूने लिहिला जातो. जो पैसे देऊन बसला, ओरडला, संतापला आणि हात हलवत घरी गेला, त्याची नोंद कोणी ठेवत नाही. आज ती थोडी ठेवू.

सुरुवात आमच्याच एका आठवणीने करतो. १९७०च्या सुमारास आम्ही नागपुरात शिकत होतो. रविवारी संध्याकाळी फुटबॉल बघायला जायचो, कारण सिनेमापेक्षा ते स्वस्त पडायचं. आमच्या शेजारी नेहमी एक गिरणी कामगार बसायचे. त्यांचा संघ हमखास हरायचा, आणि हे गृहस्थ पहिल्या मिनिटापासून शेवटच्यापर्यंत आपल्याच खेळाडूंचा उद्धार करायचे. "जेवला नाई का बे?", "पाय हायेत का लाकडं?" असं सगळं. प्रतिस्पर्ध्यांना एक शब्द नाही. एकदा आम्ही न राहवून विचारलं, "काका, एवढा त्रास होतो तर येता कशाला?" त्यांनी आमच्याकडे असं पाहिलं, की आम्हीच काही अडाणीपणा केला असावा. म्हणाले, "मी नाई आलो तं यायले बोलन कोन?"

पुढे तत्त्वज्ञानाची पुष्कळ पुस्तकं वाचली, शिकवली. पण त्या वाक्याचा अर्थ नीट लागायला आम्हाला बरीच वर्षं लागली. आज तेवढंच सांगायचं आहे.

आधी इतिहास पाहू. आपल्याकडे असा समज आहे की भारताला फुटबॉल कधी येतच नव्हता. तो चुकीचा आहे. १९५१ साली दिल्लीच्या आणि १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक भारताने जिंकलं. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. तिथे ऑस्ट्रेलियाला आपण ४-२ असं हरवलं आणि त्यातले तीन गोल एकट्या नेव्हिल डिसूझांचे होते. हे डिसूझा मूळचे गोव्याचे, खेळले मुंबईत. या काळाचे शिल्पकार होते हैदराबादचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. १९६३ साली ते गेले. १९६० नंतर ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये भारत पुन्हा दिसलेला नाही.

आता अगदी अलीकडे या. २०२४ साल भारतीय पुरुष संघाने एकही सामना न जिंकता काढलं. जानेवारीत आशिया चषकात तीन सामने, तीन पराभव, गोल शून्य. मार्चमध्ये गुवाहाटीत, म्हणजे आपल्याच घरी, अफगाणिस्तानने २-१ हरवलं. जूनमध्ये सुनील छेत्री निवृत्त झाला, आणि पुढच्या वर्षी चाळिशीतल्या त्या माणसाला परत बोलवावं लागलं, कारण गोल करणारा दुसरा सापडेना. जून २०२५मध्ये हाँगकाँगने अखेरच्या क्षणी पेनल्टीवर हरवलं. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाला आणि २०२७च्या आशिया चषकाचं दार बंद झालं.

अशा वेळी प्रेक्षक काय म्हणतो? त्याची तक्रार दोन वाक्यांत मावते. पहिलं, "हे जीव लावून खेळत नाहीत." दुसरं, "वर बसलेल्यांना काही पडलेलं नाही." पहिली तक्रार घामाची, दुसरी कारभाराची. आम्ही या दोन्ही वेगवेगळ्या तपासू, कारण रागात त्या एकमेकींत मिसळतात.

घामाची तक्रार तपासायला मुंबईतलं एक उदाहरण घेऊ. २००७ साली मुंबई एफसी नावाचा क्लब निघाला. मैदानाच्या अडचणीमुळे काही हंगाम त्याला 'घरचे' सामने पुण्यात बालेवाडीला खेळावे लागले. घर मुंबईत आणि चूल पुण्यात! खालिद जमील या क्लबकडून खेळले आणि २००९ ते २०१६ त्याचे प्रशिक्षक होते. संघ कधी विजेता झाला नाही, पण त्यांच्या हाताखाली खालच्या श्रेणीतही घसरला नाही. दरवर्षी काठावर वाचायचा. प्रेक्षक वैतागायचे. हा काय खेळ आहे, नुसता बचाव! २०१६मध्ये क्लब आणि प्रशिक्षक वेगळे झाले.

जमील गेले मिझोरमच्या आयझॉल एफसीकडे. हा संघ आदल्या मोसमात खालच्या श्रेणीत घसरला होता. गोव्याचे क्लब आय-लीगमधून बाहेर पडले म्हणून त्याला परत जागा मिळाली. मिझोरमची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत अकरा लाखांच्याही आत. या संघाने ३० एप्रिल २०१७ रोजी आय-लीग जिंकली, ईशान्येत पहिल्यांदाच. आणि त्याच मोसमात शेवटचा क्रमांक कोणाचा? मुंबई एफसीचा. क्लब खाली घसरला आणि मग बंदच झाला.

मंडळी, यावरून लगेच सिद्धांत मांडू नका. एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, हे आम्ही चाळीस वर्षं विद्यार्थ्यांना सांगत आलो. पण एक गोष्ट मात्र दिसते. आयझॉलचे खेळाडू एका उन्हाळ्यात अचानक प्रामाणिक झाले नाहीत आणि मुंबईचे अचानक आळशी झाले नाहीत. आपण ज्याला खेळाडूचा घाम म्हणतो, तो एकट्याच्या अंगातून येत नाही. शेजारचा पास देईल हा भरवसा, पगार वेळेवर होईल ही खात्री, चूक झाली तरी पुढच्या सामन्यात जागा राहील हा विश्वास, हे सगळं असलं म्हणजे माणूस धावतो. नसलं की पाय जड होतात. प्रेक्षकाला जड पाय दिसतात, त्यामागचं कारण दिसत नाही.

"मग प्रशिक्षक बदलला की झालं," असं कोणी म्हणेल. तेही नाही. हेच खालिद जमील ऑगस्ट २०२५मध्ये राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले, आणि सिंगापूरविरुद्धचा तो पराभव त्यांच्याच काळातला आहे. आयझॉलमध्ये चमत्कार करणारा माणूस इथे अडला. म्हणजे घडी आणखी वर कुठेतरी विस्कटली आहे.

आता आलो दुसऱ्या तक्रारीकडे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं अध्यक्षपद २००८पासून आपल्या विदर्भातल्या प्रफुल पटेलांकडे होतं. २०२०च्या अखेरीस अपेक्षित असलेली निवडणूक झालीच नाही. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कार्यकारिणी हटवून प्रशासक समिती नेमली. त्यावर ऑगस्टमध्ये फिफाने बाहेरच्या हस्तक्षेपाचं कारण देऊन भारतावर बंदी घातली, आणि नवी मुंबई, मडगाव व भुवनेश्वरला होणारी मुलींची सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा धोक्यात आली. अकरा-बारा दिवसांत बंदी उठली. २ सप्टेंबरला निवडणूक झाली. एका बाजूला कल्याण चौबे, दुसऱ्या बाजूला बायचुंग भुतिया, देशाचा माजी कर्णधार. मतं पडली ३३ विरुद्ध १. निकाल बरोबर की चूक, यात आम्ही पडत नाही. मुद्दा एवढाच, की ती एकूण ३४ मतं होती. ज्याच्या जिवावर हा खेळ चालतो, त्या प्रेक्षकाचं त्यात एकही नव्हतं. हरलेल्या सरकारला आपण पाच वर्षांनी घरी पाठवू शकतो. हरलेल्या महासंघाला प्रेक्षक कसा पाठवणार?

इथे आम्हाला अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाची मदत होते. १९७० साली त्यांनी एक छोटं पुस्तक लिहिलं. एखादी संस्था बिघडली तर माणसापुढे दोन वाटा असतात, असं ते म्हणतात. एक, निघून जायचं. दोन, तिथे राहून आवाज उठवायचा. आणि निष्ठा ही गोष्ट माणसाला पहिली वाट लगेच धरू देत नाही, म्हणून दुसरी सुचते. त्यांना हे सुचलं नायजेरियाच्या रेल्वेवरून. रेल्वे वाईट चालत होती, शेजारून ट्रक धावत होते, तरी रेल्वे सुधारेना. का? कारण ज्यांनी तक्रार केली असती ते सगळे ट्रककडे गेले होते. तुम्ही एसटी आणि काळीपिवळी दोन्ही पाहिलेल्या आहेत. आणखी सांगायला नको.

आता २ जून २०१८ आठवा. आदल्या दिवशी अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० हरवलं, छेत्रीने तीन गोल केले, आणि बघायला होते जेमतेम अडीच हजार लोक. कोट्यवधींच्या मुंबईत! छेत्रीने हात जोडून एक चित्रफीत काढली. युरोपातल्या क्लबांसाठी रात्र जागवणाऱ्यांना तो म्हणाला, आमचा दर्जा तसा नाही हे मान्य. आमच्यावर टीका करा, शिव्या द्या, पण मैदानावर येऊन द्या. ४ जूनला केनियाविरुद्ध, त्याच्या शंभराव्या सामन्याला, भर पावसात मैदान भरलेलं होतं.

आम्ही ती बातमी वाचली तेव्हा आमचे गिरणी कामगार काका आठवले. देशाचा कर्णधार तेच मागत होता, जे काका न मागता देत होते. वर्ध्यात आज मुलं बार्सिलोनाचा सदरा घालून हिंडतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, पण त्यांनी निघून जायची वाट कधीच धरली आहे, आणि त्यांच्या जाण्याचा आवाज होत नाही. संघाला खरी भीती शिव्यांची नसते, ती या शांततेची असते.

महाराष्ट्रात या शांततेची किंमत आपण मोजली आहे. महिंद्रा युनायटेड हा राष्ट्रीय लीग जिंकलेला क्लब २०१० साली बंद झाला. पुणे एफसी २०१३मध्ये उपविजेता होता, २०१५मध्ये संपला. भारत एफसी एका हंगामापुरता. डीएसके शिवाजियन्स आला, गेला. एफसी पुणे सिटी २०१९मध्ये गुंडाळला गेला. क्लब मालकाचा, प्रेक्षक फक्त गिऱ्हाईक. दुकान बंद झालं की गिऱ्हाइकाला कोण विचारतो? आमचा एक पुतण्या अशाच एका शहरी क्लबचा भक्त होता. क्लब गेला तेव्हा त्याचा फोन आला. आम्ही समजूत काढायला म्हटलं, "बरं झालं, आता तरी तुझा रविवार मोकळा." तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "काका, आता रागावू कोणावर?" आम्ही हसलो नाही.

आवाज उठवून कधी काही होतं का? होतं. २०२०मध्ये मोहन बागानच्या नावापुढे दुसऱ्या क्लबचं 'एटीके' लागलं. कोलकात्याच्या समर्थकांनी ते काढा म्हणून सतत लकडा लावला. २०२३मध्ये ते निघालं. इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा क्लब दुसऱ्या गावी हलवायचं ठरलं तेव्हा २००२ साली समर्थकांनी वर्गणीवर स्वतःचा नवा क्लब काढला आणि अगदी तळापासून वर नेला. दोन्हीकडे राग होता, पण तो संघटित झाला, त्याला मागणीचं रूप आलं.

नाही तर काय होतं, तेही पाहू. कोल्हापुरात पेठेपेठेच्या तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियम ओसंडून वाहतं, तिथे निघून जाण्याचा प्रश्नच नाही. असं प्रेम राज्यात दुसरीकडे नाही. पण तोच जिव्हाळा अनेकदा समर्थकांच्या हाणामारीत उतरला आहे. एकोणीस वर्षांच्या पोराच्या आईबहिणीवरून ओरडणं हा आवाज नव्हे. आवाजाला पत्ता लागतो. कोणी, काय, कधीपर्यंत बदलायचं, हे त्यात असावं लागतं.

आणि धीरही लागतो. आपल्या विदर्भाचा क्रिकेट संघ १९५७-५८पासून रणजी खेळतोय. साठ वर्षं आपण त्याला हसलो. पण मधल्या काळात अकादमी उभी राहिली, खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव २०११मध्ये कसोटी खेळला, चंद्रकांत पंडितांसारखा कडक प्रशिक्षक आला, आणि १ जानेवारी २०१८ला इंदूरमध्ये दिल्लीला हरवून आपण रणजी जिंकलो. पुढच्या वर्षी पुन्हा, २०२५मध्ये तिसऱ्यांदा. खेळाडूंचं रक्त बदललं नव्हतं. घडी बसली होती.

शेवटी सेलूकडे येतो. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळा आठवा. ज्या पालकाला शिक्षणाची सर्वांत जास्त काळजी, तोच आधी मुलाला तिथून काढतो आणि बसने दूरच्या इंग्रजी शाळेत घालतो. त्याचं चुकतं असं आम्ही म्हणणार नाही. आम्हीही आमच्या मुलांच्या वेळी तेच केलं. पण पालकसभेत उठून प्रश्न विचारणारा तोच होता. तो गेला, सभा शांत झाली, आणि शांत सभेला वरचे लोक समाधानी सभा समजतात. सहकारी सोसायटी असो, वाचनालय असो, फुटबॉल असो, ही एकच गोष्ट आहे.

म्हणून रागावणाऱ्या माणसाला गप्प बसवू नका. तो अजून गेलेला नाही, एवढाच त्याच्या रागाचा अर्थ. त्याला फक्त विचारा, "काका, तुमचं नेमकं म्हणणं काय? कागदावर लिहून देता का?"

(श्रोत्यांतून प्रश्न: आणि त्या कामगार काकांचा संघ पुढे जिंकला का?)

आम्ही नागपूर सोडेपर्यंत तरी नाही. पण एका रविवारी एक-एक बरोबरी झाली. त्या दिवशी काका म्हणाले, "आज बरे धावले." आणि लगेच, "पण डावा बॅक बदला म्हणा."