नियमापलीकडचे साहाय्य

नेमणुकीच्या वेळी सांगितले तेवढेच काम करावयाचे असे सर्वांनी ठरविले, तर कोणताही कारखाना चार दिवससुद्धा धड चालणार नाही. शेजाऱ्याचे काम अडले म्हणजे आपले हत्यार खाली ठेवून त्याला हात देणे, नवख्याला कामाची खुबी दाखविणे, या गोष्टींची आज्ञा कोणी देत नाही. मग ही वृत्ती उपजते कोठे आणि आटते कशाने? अमेरिकेत शिकागोलगतच्या हॉथॉर्न कारखान्यात या प्रश्नावर थोडा प्रकाश पडला.

वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या या कारखान्यात दूरध्वनीची सामग्री तयार होई. १९२४ पासून तेथे कामगार व उत्पादन यांच्या संबंधाचे प्रयोग चालू होते. नोव्हेंबर १९३१ मध्ये एका स्वतंत्र खोलीत १४ पुरुष बसविण्यात आले. ९ तारा जोडणारे, ३ डाख देणारे आणि २ तपासनीस. एक निरीक्षक त्यांचे वागणे टिपून घेई.

सबळ कारणावाचून एकाने दुसऱ्याचे काम करू नये, असा तेथे दंडक होता. तरीही ही माणसे एकमेकांना मदत करीत. खोलीत दोन गट पडले होते. खेळात आणि थट्टामस्करीत ते स्पष्ट दिसत. मदतीला मात्र गटाचे कुंपण नव्हते. ती साऱ्या खोलीला बांधून ठेवी.

आता याच चित्राची दुसरी बाजू पाहा. दिवसाकाठी किती काम करावयाचे, याचे मापही त्यांनी आपसांत ठरविले होते. मजुरी सर्वांच्या एकत्रित उत्पादनावर मिळे. म्हणजे अधिक काम झाले असते, तर पैसाही अधिक मिळाला असता. तरीही जास्त करणाऱ्याची टवाळी होई, प्रसंगी दंडावर ठोसा बसे. वरिष्ठांकडे चहाडी करणे हा तर मोठाच अपराध! ही माणसे आळशी होती काय? तसे म्हणता येत नाही. अधिक काम केले तर दर उतरेल, कोणाची तरी भाकरी जाईल, ही धास्ती त्यांच्या मनात होती.

संशोधकांना ही धास्ती तर्काला धरून वाटली नाही, कारण दरकपात त्या माणसांनी स्वतः अनुभवलेली नव्हती. परंतु बाहेर महामंदी पसरली होती, आणि मे १९३२ मध्ये ती खोली बंद झाली ती कामाच्या टंचाईमुळेच! कामगारांचे भय अगदीच निराधार नव्हते, असे म्हणणे भाग आहे.

१९३८ मध्ये चेस्टर बर्नार्ड यांनी सहकार्याची स्वेच्छा हा संघटनेचा पाया मानला. पुढच्याच वर्षी रोथलिसबर्गर व डिक्सन यांनी हॉथॉर्नचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला. १९८० नंतर डेनिस ऑर्गन आदींनी अशा न सांगता केलेल्या साहाय्याला संस्थेतील 'नागरिकत्व' म्हटले. हा शब्द मार्मिक आहे. ज्याला उद्याही आपण येथे असू असा भरवसा वाटतो, तोच नागरिक होतो.

हॉथॉर्नच्या त्या खोलीत माणुसकी भरपूर होती. उणीव होती ती भरवशाची. म्हणून मदत सोबत्यापर्यंत पोचली आणि कारखान्याच्या उंबरठ्याशी थबकली. कामाच्या जागेची रीत साहाय्याला दिशा देते, आणि उद्याची आशा त्याला पल्ला देते. आशावादी राहा, असा हुकूम मात्र काढता येत नाही. मालकाने आणि व्यवस्थापकाने दिलेला शब्द पडत्या काळातही पाळला, तरच कामगाराच्या मनात ती आशा मूळ धरते.